हेडसेट कोणाच्या कानासाठीं?



नभोवाणीच्या पहिल्या काळांत, म्हणजे मुंबईचें केंद्र १९२७ सालच्या जुलैंत सुरू झालें त्या सुमारास, स्फटिकाचा साधा संच हें बेताच्या मिळकतीच्या माणसाचें ग्रहणयंत्र असे. त्याला वीज लागत नसे. पण त्याचमुळें भोंगा वाजविण्याइतकी ताकदही त्याच्या अंगीं नसे. म्हणून ऐकणारा डोक्यावर लोखंडी पट्टी आणि कानांवर दोन डबड्या चढवून बसे. शब्द बिनतारी यावयाचा, मैलोगणती आकाश ओलांडून यावयाचा, आणि शेवटच्या दोन हातांसाठीं मात्र त्याला तारेचा आधार घ्यावा लागावयाचा! ही शेवटची दोन हात तार तुटावयास पुढें सुमारें पाऊणशें वर्षें लागलीं.

ती तोडणाऱ्या युक्तीवर एरिक्सन या स्वीडिश कंपनीच्या लुंड येथील शाखेंत १९९४ सालीं काम सुरू झालें, आणि १९९८ सालीं एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम व तोशिबा या पांच कंपन्यांनीं मिळून तिचा कारभार हातीं घेतला. नांव मात्र तिला दिलें दहाव्या शतकांतील एका डेन्मार्कच्या राजाचें. निळ्या दांताचा म्हणून ओळखला जाणारा हा हाराल्ड राजा; त्यानें फुटीर टोळ्या एका छत्राखालीं आणल्या, तशीं ही युक्ति भिन्नभिन्न यंत्रें एकत्र आणील, ही त्यामागील कल्पना. राजा गेला आणि दांत राहिला. आज ब्लूटूथ हा शब्द आपल्या घरांतील मोलकरणीपासून आजोबांपर्यंत सर्वांच्या तोंडीं आहे. २०१६ सालीं ॲपलनें आयफोन ७ मधून हेडफोनचें भोंकच काढून टाकलें, मागोमाग इतर अनेक कंपन्यांनीं तोच कित्ता गिरविला, आणि ज्यांना बिनतारी हेडसेटची हौस नव्हती त्यांच्यावरही तो घेण्याची पाळी आली.

अशांपैकींच मी एक. हजार-बाराशें रुपयांत एक हेडसेट घेतला. कानांत बसणाऱ्या दोन सुबक गोळ्या, त्यांना ठेवावयास गुळगुळीत डबी. दुकानदारानें गाणें लावून दिलें, तें मला फार गोड लागलें, आणि मीं पैसे मोजले. या खरेदींत मीं केलेली चूक माझ्या ध्यानांत यावयास पांच महिने लागले, आणि तिचा दंड माझ्या थोरल्या बहिणीला भरावा लागला. आजचें भाषण त्या चुकीविषयीं आहे.

माझी बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतों, मिरजेस राहते. वय अठ्ठ्याहत्तर. संध्याकाळीं दादरच्या रस्त्यानें फिरावयास निघालों कीं तिला फोन लावावयाचा, हा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ. नवा हेडसेट आल्यापासून तो अधिकच सुखाचा झाला: फोन खिशांत, हात मोकळे, अक्काचा आवाज अगदीं कानाशीं. मात्र ती हळूहळू कमी बोलूं लागली. पूर्वीं अर्धा तास चालणारें संभाषण दहा मिनिटांवर, मग चार मिनिटांवर आलें. "हूं", "बरं", "ठेवूं का मग?" मला वाटलें, वय झालें, उत्साह ओसरला.

एका बुधवारीं मीं तिला सांगितलें, "या रविवारी मी येणार नाही." रविवारीं सकाळीं सातला तिचा फोन: "गाडी चुकली काय रे? मी फाटकाशी उभी आहे." शनिवारीं रात्रींच तिनें पुरण वाटून ठेवलें होतें.

तेव्हां मीं जो निष्कर्ष काढला तो कोणीही काढला असता. अक्काला ऐकूं येईनासें झालें! मीं पुण्यास भाच्याला फोन करून, आईला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, असें बजावलें. तो म्हणाला, "मामा, आई माझ्याशी रोज तासभर बोलते. तिला फक्त तुमचंच ऐकू येत नाही. अहो, मलाही येत नाही! तळघरातून बोलल्यासारखा आवाज येतो तुमचा. मी भीड म्हणून बोललो नाही." त्या रात्रीं मीं हेडसेट बाजूस ठेवला, घरीं बसून फोनच कानाला लावला आणि मिरजेस बोललों. दोन वाक्यें होतात न होतात तोंच अक्का म्हणाली, "आज कुठं आहेस रे? शेजारी बसून बोलल्यासारखं वाटतंय." आणि पंचेचाळीस मिनिटें बोलली.

सत्याला धरून सांगावयाचें तर पुढें तिचे कान आम्हीं तपासून घेतलेच. उंच पट्टीचे सूर तिला थोडे कमी ऐकूं येतात, जसे त्या वयाच्या बहुतेकांना कमी येतात. म्हणजे दोष वांटलेला होता. पण मोठा वांटा माझ्या हेडसेटचा होता, आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती. कारण उघड आहे. हेडसेटच्या दोन कामांपैकीं एकच काम तो घेणाऱ्याला ऐकूं येतें. दुसरें काम, म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज पलीकडे पोंचविणें, तें कसें होतें हें फक्त पलीकडच्याला कळतें. आणि पलीकडचा माणूस बहुधा भिडेचा असतो.

दुकानांत गोड वाटलेला हेडसेट रस्त्यावर इतका बेसूर कां व्हावा? याचें कारण असें, कीं फोनपासून कानापर्यंत ब्लूटूथच्या दोन निरनिराळ्या वाटा आहेत. एक गाण्याची. ती एकेरी आहे; फोनकडून कानाकडे सगळा रस्ता मोकळा असतो, म्हणून आवाज भरघोंस येतो. दुसरी वाट संभाषणाची. ती दुहेरी, त्याच अरुंद रस्त्यावरून शब्द जावयाचाही असतो आणि यावयाचाही असतो. फोन आला कीं हेडसेट पहिली वाट सोडून दुसरी धरतो. गाणें ऐकतां ऐकतां फोन घेतला तर आवाज एकदम पातळ होतो, असा अनुभव आपणांपैकीं अनेकांना असेल. तो सांधा बदलल्याचा परिणाम होय. तेव्हां दुकानांत गाणें ऐकून हेडसेटची परीक्षा करणें म्हणजे गाडीची परीक्षा ती उतारावर सोडून करण्यासारखें आहे.

या संभाषणाच्या वाटेच्याही दोन जाती आहेत. जुनी जात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेते. त्यामुळें ४,००० कंपनांच्या वरचें कांहींच तिच्यांतून जाऊं शकत नाहीं. प्रत्यक्षांत जुन्या टेलिफोनची मर्यादा ३०० ते ३,४०० कंपनें एवढीच धरली जाते. पुरुषाचा खर्जांतला आवाज ओळखावयास तेवढें पुरतें. पण "स" या अक्षराचा बहुतेक जीव ४,००० च्या वर असतो. "साठ" मधला "स" वाटेंत पडला कीं उरतो तो "आठ"! नवी जात नमुने १६,००० घेते, आणि ती हेडसेटांत येण्याची सोय २०११ सालीं झाली. तिला वाइडबँड किंवा एचडी व्हॉइस म्हणतात. हेडसेट, आपला फोन, मधलें जाळें आणि पलीकडचा फोन या चौघांनाही ती अवगत असावी लागते. एकानें नकार दिला कीं सर्वांना जुन्या वाटेवर उतरावें लागतें. स्वस्त हेडसेटच्या खोक्यावर ही गोष्ट लिहिलेली क्वचितच सांपडते. दुकानदाराला विचारावें, त्याला ठाऊक नसलें तरी विचारावें. अलीकडे एलई ऑडिओ नांवाची तिसरी वाटही निघाली आहे, आणि ती पहिल्या दोहोंपेक्षां बरी आहे; परंतु ती हेडसेट आणि फोन या दोहोंत असेल तरच उपयोगी.

याहूनही मोठें कारण आहे तें अंतराचें. बोलणाऱ्याच्या तोंडापासून माइक जितका दूर, तितका शब्द क्षीण. आणि ही क्षीणता साधी नव्हे. अंतर दुप्पट झालें कीं आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, तिप्पट झालें कीं नवव्या हिश्श्यावर. रस्त्यावरील गोंगाट मात्र चोहोंकडून येत असल्यामुळें जेथल्या तेथें राहतो. ओंठांजवळ येणाऱ्या दांडीच्या टोकाला माइक असला, तर आपला शब्द गोंगाटावर सहज मात करतो. तोच माइक कानांत बसविलेल्या गोळींत असला, म्हणजे तो तिपटी-चौपटीनें लांब गेला, आणि शिवाय त्याचें तोंड आपल्या तोंडाकडे नसून बसकडे झालें.

हें वैगुण्य झांकण्यासाठीं कारखानदार गोळींत एकाऐवजीं दोन माइक घालतात, आणि दोहोंवर पडणाऱ्या ध्वनींतील सूक्ष्म फरकावरून कोणता आवाज तोंडाकडून आला आणि कोणता रस्त्यावरून, हें यंत्राकडून ताडवून घेतात. या गणिताला खोक्यावर "ईएनसी" म्हणतात. चांगल्या प्रतीच्या हेडसेटांत तें खरोखर उत्तम चालतें. हलक्या प्रतींत मात्र तें नव्या शिपायाप्रमाणें वागतें. चोराबरोबर घरधन्यालाही बाहेर काढतें. बारीक आवाज दिसला कीं हा गोंगाटच असावा असें समजून तें तो पुसून टाकतें. आणि येथें आपल्या भाषेची एक विशेष अडचण आहे, जिच्याकडे या यंत्रांच्या जाहिरातींत कोणाचें लक्ष गेलेलें मीं पाहिलें नाहीं. मराठी वाक्यांत नकार बहुधा शेवटीं येतो, आणि वाक्याच्या शेवटीं आपला आवाज आपोआप उतरतो. "येणार" हा शब्द ठसठशीत उच्चारला जातो. "नाहीं" हा श्वासाच्या शेपटाला लोंबकळतो. यंत्रानें शेपूट कापलें कीं नकाराचा होकार होतो. पुरण वाटलें गेलें तें यामुळें.

जातां जातां एक घोटाळा दूर करितों. "ईएनसी" आणि "एएनसी" हीं नांवें जुळ्या भावांसारखीं दिसतात; पण पहिलें आहे पलीकडच्याच्या कानासाठीं, दुसरें आहे आपल्या. "एएनसी" बाहेरच्या गोंगाटाला उलट्या लहरीनें मारून आपल्याला शांतता देतें. त्यानें आपला शब्द पलीकडे तसूभरही अधिक स्पष्ट पोंचत नाहीं. थोडक्या पैशांत दोन्ही चांगलीं मिळणें कठीण. ज्याला आईबापांशीं, गिऱ्हाइकांशीं किंवा कचेरीशीं बोलावयाचें आहे, त्यानें "एएनसी" वर पैसे घालविण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

आतां परीक्षा कशी करावी, तें सांगतों. दुकानांत एकट्यानें जाऊं नये. सोबत कोणी न्यावें, हेडसेट त्याच्या कानांत घालावा, त्याला दुकानाच्या दाराशीं, रस्त्याच्या बाजूला उभें करावें, आणि आपण आंत कोपऱ्यांत जाऊन साध्या फोनवर त्याचें बोलणें ऐकावें. म्हणजे जें एरवीं पलीकडच्याला ऐकावें लागतें, तें आपणांस ऐकावयास मिळतें. सोबत्यानें ठरीव नसलेले आंकडे आणि नकाराचीं चार वाक्यें सहज बोलण्याच्या सुरांत म्हणावीं, आणि आपण तीं कागदावर लिहावीं. "ऐकूं येतं का?" असें विचारून कांहीं कळत नाहीं, या प्रश्नाला आपल्याकडे "हो" हें एकच उत्तर आहे. लिहिलेला कागद मात्र भीड धरीत नाहीं. दुकानदार कुरकुर करील, तर त्याच्यासमोर पंधराशें रुपये कोणाच्या खिशांत आहेत याची आठवण ठेवावी. घरपोंच मागविणारांनीं परत करण्याची मुदत संपण्याच्या आंत, शक्य तर पहिल्याच दिवशीं, हाच प्रयोग खिडकी उघडून व पंखा मोठ्यानें चालवून करावा.

रेडिओवरून कोणत्याही कंपनीची भलावण करूं नये असें मला वाटतें, आणि करूनही उपयोग नाहीं. हें वाण दर सहा महिन्यांनीं बदलतें. घाटांविषयीं मात्र बोलतां येईल. कानांतल्या सुट्या गोळ्या दिसावयास सर्वांत देखण्या, आणि हरवावयासही सर्वांत सोप्या. घ्यावयाच्याच असतील, तर ज्यांना गालाकडे उतरणारी दांडी आहे त्या घ्याव्या. तेवढाच माइक तोंडाजवळ येतो. गळ्यांत अडकविण्याचा नेकबँड स्वस्त, दणकट आणि लोकलच्या गर्दींत न पडणारा. पण त्याचा माइक गळपट्टींतच असेल तर सदऱ्याची कॉलर त्यावर घांसते, आणि पलीकडे वादळाचा भास होतो. माइक कानाकडे जाणाऱ्या दोरीवर, हनुवटीच्या जवळपास असेल तो नेकबँड बरा. ज्याला बोलण्याचेंच काम फार, त्यानें एका कानाचा, पुढें लहान दांडी असलेला हेडसेट पाहावा. दुसरा कान मोकळा राहतो, हा रस्त्यावर चालणाऱ्याला त्यापासून होणारा आणखी एक लाभ. रेल्वेचे रूळ ओलांडतांना दोन्ही कान बुजवून चालणारीं मुलें पाहिलीं कीं अंगावर कांटा येतो.

खोक्यावरील इतर वल्गनांचा समाचार लवकर घेतां येईल. "चाळीस तास" म्हणजे बहुतेक वेळां गोळ्या आणि डबी यांचे एकत्र तास, आणि तेही मध्यम आवाजांत, गाण्याच्या वाटेवर मोजलेले; बोलण्याचे तास वेगळे विचारावे. ब्लूटूथची आवृत्ति ५.० कीं ५.३, यावरून आवाजाची प्रत ठरत नाहीं. खेळासाठीं "लो लेटन्सी" लागते, बोलण्यासाठीं तिची मातब्बरी नाहीं. पावसाळ्याचा आणि घामाचा विचार मात्र जरूर करावा. "आयपीएक्स ४" असें लिहिलें असेल, तर चोहोंकडून उडणारें पाणी हेडसेट सोसतो. त्यांतील "एक्स" चा अर्थ धुळीसंबंधीं कांहीं हमी नाहीं, एवढाच. डबीला बहुधा तीही हमी नसते, म्हणून ओल्या गोळ्या पुसल्यावांचून डबींत ठेवूं नयेत. तसेंच, भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि तिच्यालगत "आर" या अक्षरानें सुरू होणारा आठ आंकडी नोंदणी क्रमांक आहे कीं नाहीं, तें पाहावें. ब्यूरोच्या "बीआयएस केअर" या मोबाइलवरील ॲपमध्यें तो क्रमांक घालून खरा कीं खोटा तें घरबसल्या ताडतां येतें. पदपथावरील दोनशें रुपयांच्या नकली मालाला ही कसोटी सहसा सोसत नाहीं.

बॅटरीविषयीं थोडें अधिक बोललें पाहिजे, कारण स्वस्ताई आणि महागाई यांचा खरा हिशेब तेथें होतो. लिथियमची बॅटरी कांहीं शेंकडा वेळां भरली-रिकामी झाली कीं तिचा दम कमी होऊं लागतो. गोळींतली बॅटरी इतकी इवलीशी कीं ती रोज, कधीं दिवसांतून दोनदां भरावी लागते. म्हणून ती लवकर थकते, आणि ती बदलून मिळण्याची सोय जवळजवळ नसते, कारण गोळी डिंकानें बंद केलेली असते. एक गोळी आधीं थकली कीं दुसरी निकोप असूनही जोडी मोडते. नेकबँड किंवा दांडीचा हेडसेट यांच्या पोटांत मोठी बॅटरी मावते, ती कमी वेळां भरावी लागते, आणि अर्थात् अधिक दिवस पुरते. वर्षाला किती रुपये पडले, असा हिशेब केला तर सुबक गोळ्या महाग ठरण्याचा संभव पुष्कळ आहे.

आणि आपल्या कानांचें काय? जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें असें आहे, कीं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणें निर्धोक. त्यापुढें दर तीन डेसिबलांस ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९० डेसिबलांवर आठवड्याचे चारच तास उरतात. रस्त्यावरील गोंगाटावर मात करण्यासाठीं आपण आवाज चढवितों, आणि ही मुदत नकळत संपवितों. यावर स्वस्तांतला स्वस्त उपाय खोक्यांतच असतो. सोबत येणाऱ्या रबरी टोप्यांच्या तीन मापांपैकीं आपल्या कानांत घट्ट बसणारी टोपी लावावी. बाहेरचा गोंगाट कमी आंत येतो आणि आवाज कमी ठेवतां येतो. बहुतेक लोक लावून आलेली मधली टोपी वापरतात आणि बाकीच्या दोन फेंकून देतात. दोन्ही कानांचें माप सारखेंच असेल, असेंही समजूं नये, माझें नाहीं.

पुढें मीं दुसरा हेडसेट घेतला, तो एका कानाचा, दांडीचा. भाचा बरोबर होता. दाराशीं उभा राहून त्यानें बारा वाक्यें म्हटलीं, मीं अकरा बरोबर लिहिलीं. बारावें चुकलें तें मध्येंच मोटारीचा भोंगा वाजल्यामुळें. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "मामा, कॉल सेंटरात लागलात की काय?" दिसतें तसेंच, त्याला इलाज नाहीं. दादरच्या रस्त्यावर ओळखीचे लोक वळून पाहतात. अक्काला मीं हें सांगितलें, तेव्हां ती म्हणाली, "मला कुठं दिसतंय?" आणि मग तिनें शेजारच्या घरांतील लग्नाची हकीकत सुरू केली, ती मी दादरहून माहीमपर्यंत जाऊन परत आलों तरी संपली नव्हती.

पहिल्या हेडसेटच्या गोळ्या अजून माझ्या टेबलावर आहेत. गाणें त्यांतून आजही फार गोड लागतें.